सीमेवरच्या नोंदी : एसक्यूएलमधील पल्ल्याची अट

परभणी जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस, बीड जिल्ह्याच्या हद्दीला लागून असलेल्या सोनपेठ तालुक्याचा कारभार ज्या नोंदींच्या आधारे चालतो, त्यांपैकी बहुतेकींना संगणकात फिरून फिरून एकच प्रश्न विचारला जातो, तो म्हणजे अमुक मूल्यापासून तमुक मूल्यापर्यंतच्या नोंदी कोणत्या. कोणत्या मंडळात किती ते किती मिलिमीटर पाऊस झाला, कोणत्या तारखांच्या दरम्यान पीककर्जाची उचल झाली, किती ते किती हेक्टर जमीन असलेले खातेदार किती आहेत, हे सारे प्रश्न वरवर वेगळे दिसले तरी त्यांचा सांगाडा सारखाच असून त्याला पल्ल्याची अट म्हणता येईल. अट लिहायला एका ओळीची आणि वाचायला सोपी असते. मात्र पल्ल्याच्या आतल्या नोंदींबाबत सहसा वाद होत नाही, वाद होतो तो नेमका टोकावर उभ्या असलेल्या नोंदीबाबत, आणि संगणकाकडून मिळालेली यादी बरोबर की चूक हे बहुधा त्या टोकावरच ठरते.

डेटाबेस म्हणजे तक्त्यांच्या रूपात, रकाने आणि ओळी पाडून ठेवलेली माहिती, आणि एसक्यूएल ही त्या माहितीला प्रश्न विचारण्याची भाषा होय. आयबीएम कंपनीतील एडगर कॉड यांनी १९७० मध्ये माहिती अशा तक्त्यांत मांडण्याची गणिती चौकट प्रसिद्ध केली, त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये त्या चौकटीवर आधारलेली ‘सीक्वेल’ ही भाषा मांडली, आणि पुढे नाव आखडून ‘एसक्यूएल’ झालेल्या या भाषेला १९८६ मध्ये अमेरिकेत व १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर प्रमाण रूप मिळाले. या भाषेत ‘सिलेक्ट’ या शब्दापुढे हवे असलेले रकाने, ‘फ्रॉम’पुढे तक्त्याचे नाव आणि ‘व्हेअर’पुढे अट लिहितात. पल्ल्यासाठी ‘बिट्वीन’ हा शब्द आहे. उदाहरणार्थ, ‘सिलेक्ट मंडळ, पाऊस फ्रॉम पर्जन्यनोंदी व्हेअर पाऊस बिट्वीन ६४.५ अँड ११५.५’ या वाक्याने ज्या ओळींत पाऊस ६४.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक आणि ११५.५ किंवा त्याहून कमी आहे, त्याच ओळी निवडल्या जातात. दोन्ही टोकांची मूल्ये या पल्ल्यात धरली जातात, हा प्रमाण भाषेचा नियम आहे, आणि पुढील बहुतेक गुंतागुंत याच नियमातून निघते. टोकांचा क्रम उलटा लिहिला, म्हणजे ‘बिट्वीन ११५.५ अँड ६४.५’ असे झाले, तर बहुतेक प्रणाली कोणतीही तक्रार न करता रिकामी यादी देतात, आणि रिकामी यादी पाहून पाऊसच झाला नाही असा समज होऊ शकतो.

वरचे दोन आकडे मनाने घेतलेले नाहीत. भारतीय हवामान विभाग २४ तासांतील पावसाचे वर्ग पाडतो, त्यांत १५.६ ते ६४.४ मिलिमीटर हा मध्यम, ६४.५ ते ११५.५ हा जोरदार, ११५.६ ते २०४.४ हा अतिजोरदार आणि २०४.५ व त्यापुढचा अत्यंत जोरदार पाऊस मानला जातो. या वर्गांची टोके एकमेकांना भिडत नाहीत, त्यांच्यात ०.१ मिलिमीटरची फट राहते, आणि पर्जन्यमापकावरचे वाचन एकाच दशांश स्थळापर्यंत लिहायचे असल्यामुळे त्या फटीत काही पडण्याची शक्यताच नसते. अडचण येते ती सरासरी काढल्यावर. सोनपेठ, आवलगाव, शेळगाव यांसारख्या महसूल मंडळांत पाऊस मोजला जातो आणि मंडळांच्या आकड्यांवरून तालुक्याची सरासरी काढतात. समजा, चार ठिकाणची काल्पनिक वाचने ५८.०, ६१.३, ७०.२ आणि ६८.३ अशी आली, तर त्यांची बेरीज २५७.८ आणि सरासरी ६४.४५ होते. ही नोंद मध्यम पावसाच्या यादीत येत नाही, कारण ती ६४.४ च्या पुढे आहे, आणि जोरदार पावसाच्या यादीतही येत नाही, कारण ती ६४.५ च्या मागे आहे. दोन्ही क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेले प्रश्न, आपापल्या जागी अचूक असूनही एवढा पाऊस पडलेला दिवस दोन्ही याद्यांतून गळतो. वर्ग ठरवताना वाचनाची अचूकता किती धरली होती हे लक्षात न घेता छापील कोष्टकातील टोके जशीच्या तशी क्वेरीत उतरवली, की असे घडते.

त्यात राज्य शासनाचा मापदंड आणखी वेगळा आहे. पीकनुकसानीच्या मदतीसाठी महाराष्ट्रात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी मानण्याचा निकष वापरला जातो, म्हणजे ६४.८ मिलिमीटरचा पाऊस हवामान विभागाच्या भाषेत जोरदार असला तरी महसूल खात्याच्या यादीत अतिवृष्टी म्हणून येत नाही. शिवाय निकष ‘पेक्षा जास्त’ असा असल्यामुळे बरोबर ६५.० ची नोंद बाहेर राहायला हवी, पण कोणी सवयीने ‘बिट्वीन ६५ अँड ५००’ लिहिले, तर ती आत येते. मंडळातील शेकडो खातेदारांचे पंचनामे त्या एका नोंदीवर अवलंबून असू शकतात, त्यामुळे ‘पेक्षा जास्त’ आणि ‘किंवा जास्त’ यांतला फरक हा व्याकरणाचा किंवा हौशी काटेकोरपणाचा प्रश्न मानणे योग्य नाही.

पावसाच्या तक्त्यात आणखी एक प्रकारची नोंद असते, आणि ती कोणत्याच पल्ल्यात सापडत नाही. पाऊस झाला नाही तर अहवालात ‘निरंक’ लिहितात, म्हणजे मूल्य शून्य असते. पण यंत्र बंद पडले किंवा वाचन पोहोचलेच नाही, तर मूल्य शून्य नसून अज्ञात असते. अशा रिकाम्या जागेला एसक्यूएलमध्ये ‘नल’ म्हणतात. नलची कोणत्याही संख्येशी तुलना केली की उत्तर ‘होय’ येत नाही आणि ‘नाही’ही येत नाही, तर ‘अज्ञात’ येते, आणि व्हेअरची अट फक्त ‘होय’ आलेल्या ओळीच पुढे सोडते. परिणामी ‘बिट्वीन ० अँड ६५’ आणि त्याचे उलट रूप ‘नॉट बिट्वीन ० अँड ६५’ या दोन्ही याद्या एकत्र केल्या तरी मंडळांची संख्या पूर्ण भरत नाही. ज्या मंडळाचे यंत्र नेमके धो धो पावसात बंद पडले, ते मंडळ दोन्हींकडे नसते. म्हणून अशा अहवालाबरोबर नल असलेल्या ओळींची वेगळी यादी काढणे आवश्यक ठरते. अज्ञात जागी शून्य भरून तक्ता नीटनेटका करण्याची पद्धत त्याहून वाईट आहे, कारण मग न मोजलेला पाऊस आणि न पडलेला पाऊस यांत भेद करण्याचा मार्गच उरत नाही.

पावसाचा दिवस आणि पंचांगाचा दिवसही एक नसतो. देशात पावसाचे दैनिक वाचन सकाळी ८.३० वाजता होते आणि आदल्या सकाळी ८.३० पासून पडलेला पाऊस वाचनाच्या तारखेच्या नावावर लिहिला जातो. त्यामुळे ३१ मे रोजी सायंकाळी आलेला वळीव १ जूनच्या नोंदीत जमा होतो आणि पावसाळ्याच्या हिशेबात मिळतो, तर ३० सप्टेंबरच्या रात्रीचा पाऊस १ ऑक्टोबरच्या नावावर जाऊन हंगामाच्या बेरजेबाहेर पडतो. स्वयंचलित हवामान केंद्राकडून दर तासाला येणाऱ्या नोंदींवरून हीच बेरीज करायची असेल, तर प्रत्येक नोंदीवरची वेळ ही सरलेल्या तासाची अखेर असते हे ध्यानात घेऊन आदल्या दिवशीच्या ८.३० नंतरच्या आणि त्या दिवशीच्या ८.३० पर्यंतच्या नोंदी घ्याव्या लागतात. म्हणजे खालचे टोक वगळायचे आणि वरचे टोक धरायचे. बिट्वीन वापरले तर ८.३० ची नोंद दोन लागोपाठच्या दिवसांत मोजली जाईल आणि महिन्याची बेरीज खऱ्यापेक्षा फुगेल.

तारखांच्या पल्ल्याचे सर्वांत बोलके उदाहरण कर्जमाफीच्या योजनांत आढळते. २७ डिसेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने लागू झालेल्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ या काळात उचल केलेल्या अल्पमुदतीच्या पीककर्जाची ३० सप्टेंबर २०१९ रोजी मुद्दल व व्याजासह असलेली थकबाकी २ लाख रुपयांपर्यंत असल्यास ते खाते पात्र धरले गेले. या एका वाक्यात उचलीच्या तारखेचा दोन टोकांचा एक पल्ला, थकबाकीची एक वरची मर्यादा आणि थकबाकी ज्या दिवशीची धरायची तो एक स्थिर दिवस अशा तीन अटी आहेत, आणि गावोगावच्या विविध कार्यकारी सहकारी संस्थांपासून राष्ट्रीयीकृत बँकांपर्यंत सर्वांना आपापल्या खात्यांतून नेमक्या या अटींत बसणारी खाती निवडून द्यावी लागली.

उचलीचा रकाना केवळ तारखेचा असेल, तर ‘बिट्वीन १ एप्रिल २०१५ अँड ३१ मार्च २०१९’ ही अट योजनेच्या शब्दांशी तंतोतंत जुळते. परंतु बँकेच्या प्रणालीत व्यवहाराच्या तारखेसोबत तास, मिनिटे व सेकंदही साठवलेले असण्याचा संभव असतो, आणि तसे असेल तर ‘३१ मार्च २०१९’ या टोकाचा अर्थ डेटाबेस त्या दिवसाच्या सुरुवातीचा क्षण, म्हणजे रात्रीचे शून्य तास शून्य मिनिटे, असा घेतो. मग त्याच दिवशी सकाळी अकरा वाजता झालेला व्यवहार टोकाच्या पुढचा ठरतो आणि यादीबाहेर जातो. मार्चअखेर हा दिवस तर पीककर्जाच्या नव्या-जुन्याचा, म्हणजे जुने कर्ज भरल्याचे दाखवून त्याच खात्यावर नवे कर्ज उचलण्याचा असतो. तेव्हा वर्षातला एकच दिवस गळणार असेल आणि तो नेमका सर्वांत गर्दीचा असेल, तर चूक लहान राहत नाही. वरच्या टोकाला ‘२३ वाजून ५९ मिनिटे ५९ सेकंद’ जोडणे हा त्यावरचा प्रचलित पण लंगडा उपाय आहे, कारण शेवटच्या सेकंदाच्या अपूर्णांकात झालेले व्यवहार तरीही सुटतात. आणि अपूर्णांकापर्यंत जाऊन ५९.९९९ सेकंद लिहिले, तर मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमधील जुन्या ‘डेटटाइम’ प्रकारात ते मूल्य पूर्णांकित होऊन पुढच्या दिवसाची मध्यरात्र बनते.

खात्रीचा मार्ग म्हणजे वरचे टोक वगळून लिहिणे : उचल १ एप्रिल २०१५ किंवा त्यानंतरची आणि १ एप्रिल २०१९ च्या आधीची. ज्याचे खालचे टोक आत व वरचे टोक बाहेर आहे, अशा पल्ल्याला अर्धखुला पल्ला म्हणतात. त्याचा गुण असा, की रकान्यात केवळ तारीख असो, सेकंद असो किंवा सेकंदाचा लक्षांश भाग असो, अट बदलावी लागत नाही. एक पल्ला जेथे संपतो तेथेच पुढचा सुरू होत असल्यामुळे मध्ये फट राहत नाही आणि कोणतीही नोंद दोनदा मोजली जात नाही. शिवाय दोन टोकांची वजाबाकी केली की पल्ल्याची लांबी थेट मिळते. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९८२ मध्ये लिहिलेल्या एका छोट्या टिपणात पूर्णांकांच्या पल्ल्यासाठी हीच मांडणी सर्वांत सोयीची कशी आहे, हे चार पर्यायांची तुलना करून दाखवले होते. पोस्टग्रेसक्यूएल या मुक्त डेटाबेसमध्ये २०१२ पासून पल्ला हा स्वतंत्र माहितीप्रकारच उपलब्ध असून तारखांचा पल्ला कसाही लिहिला तरी ती प्रणाली तो आतून अर्धखुल्या रूपातच ठेवते.

जमीनधारणेच्या वर्गांत अडचण फटीची नसून वर्ग एकमेकांवर चढण्याची असते. कृषी गणनेत १ हेक्टरपेक्षा कमी, १ ते २, २ ते ४, ४ ते १० आणि १० हेक्टर व त्यापुढील असे मुख्य वर्ग आहेत. पहिला वर्ग ‘पेक्षा कमी’ आणि शेवटचा ‘व त्यापुढील’ असल्यामुळे मधल्या वर्गांचे खालचे टोक आत आणि वरचे बाहेर हे उघड आहे. पण ‘१ ते २’ व ‘२ ते ४’ या शीर्षकांवरून दोन बिट्वीन लिहिले, तर बरोबर २ हेक्टर जमीन असलेला खातेदार दोन्ही वर्गांत मोजला जातो आणि वर्गांची बेरीज एकूण खात्यांपेक्षा जास्त भरते. गंमत अशी, की २००८ च्या केंद्रीय कर्जमाफी योजनेत १ हेक्टरपेक्षा जास्त आणि २ हेक्टरपर्यंत जमीन असलेला शेतकरी लघु, म्हणजे अल्पभूधारक, ठरवला होता, म्हणजे तेथे वरचे टोक आत होते. तोच २ हेक्टरवाला खातेदार एका यादीत अल्पभूधारक आणि दुसरीत अर्धमध्यम, म्हणजे २ ते ४ हेक्टरांच्या वर्गातला, ठरतो, व दोन्ही याद्या आपापल्या नियमाने बरोबर असतात.

क्षेत्र लिहिण्याची पद्धत याहून फसवी आहे. ग्रामीण व्यवहारात दोन एकर तीस गुंठे क्षेत्र अनेकदा ‘२.३०’ असे लिहितात, परंतु एकराचे गुंठे ४० असल्यामुळे ते प्रत्यक्षात पावणेतीन एकर असते. हा आकडा दशांश संख्या म्हणून साठवला आणि २ ते २.५ एकरांच्या खातेदारांची यादी मागितली, तर पावणेतीन एकरवाला त्यात निमूटपणे येऊन बसतो. सातबाऱ्यावरील हेक्टर-आर या मापात एका हेक्टरचे १०० आर असल्यामुळे हा धोका कमी आहे, तरी १ हेक्टर ५ आर हे ‘१.०५’ ऐवजी ‘१.५’ असे भरले गेले तर क्षेत्र एकदम ४५ आरने वाढते. अशा रकान्यावर पल्ल्याची अट लावण्याआधी सर्व क्षेत्र गुंठे किंवा आर अशा एकाच लहान एककात आणणे एवढाच भरवशाचा उपाय आहे.

मजकुरावर लावलेला पल्ला संख्येच्या पल्ल्यासारखा वागत नाही. गट क्रमांकात ‘११२/१/अ’ असे पोटहिस्से असल्यामुळे तो रकाना मजकूर म्हणून ठेवावा लागतो, आणि मजकुराची तुलना डावीकडून एकेक चिन्ह घेऊन होते. त्यामुळे ‘१’ ते ‘२०’ या पल्ल्यात १०० आणि ११२ क्रमांकांचे गट येतात, पण ३ ते ९ क्रमांकांचे येत नाहीत. गट क्रमांकाचा संख्यात्मक भाग वेगळ्या रकान्यात ठेवला की ही अडचण मिटते. मात्र काही ओळींत देवनागरी अंक व काहींत इंग्रजी अंक असतील, तर ते दोन वेगळ्या चिन्हसंचांत मोडत असल्याने आधी एकरूप करावे लागतात. आडनावांच्या बाबतीत ‘क’ ते ‘ज’ असा पल्ला दिला तर जाधव बाहेर राहतात, कारण ‘जाधव’ हा शब्द नुसत्या ‘ज’च्या पुढे येतो, परभणीकडच्या कोणत्याही मतदार यादीत किंवा खातेदारांच्या यादीत ही चूक झाकून राहणार नाही. येथेही उपाय तोच : ‘क’ किंवा त्यापुढील आणि ‘झ’च्या आधीचे. क्षीरसागर या आडनावाचा प्रश्न मात्र एवढ्याने सुटत नाही. युनिकोडच्या क्रमात क्ष हे क-ला जोडलेले अक्षर असल्यामुळे ते ‘क’मध्ये पडते, तर मराठी वर्णमालेत क्ष आणि ज्ञ शेवटी, ळ-नंतर येतात, म्हणून डेटाबेसला मराठी वर्णक्रम निवडून दिला आहे की नाही, यावर क्षीरसागर त्या यादीत आहेत की नाहीत हे ठरते.

मराठवाड्यातील जुन्या अभिलेखांसाठी एक पुस्ती जोडणे आवश्यक आहे. हैदराबाद संस्थानाच्या काळातील कागदपत्रांवर फसली सन असतो, तो इसवी सनाच्या सुमारे ५९० वर्षे मागे आहे, आणि वर्षाच्या एकाच रकान्यात दोन्ही सन मिसळले गेले तर १९४० ते १९५० या पल्ल्यात १३५५ फसलीची नोंद कधीही सापडणार नाही.

अट बरोबर लिहिली गेल्यावर ती किती वेगाने पुरी होते, हा प्रश्न उरतो. काहीही सोय नसेल तर डेटाबेस तक्त्यातली प्रत्येक ओळ वाचून तपासतो. ही दमछाक टाळण्यासाठी रकान्यावर इंडेक्स, म्हणजे मूल्यांची क्रमवार सूची तयार करतात. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मक्राइट यांनी बोइंग कंपनीच्या संशोधनकेंद्रात काम करताना मांडलेली आणि १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘बी-ट्री’ ही रचना आजही बहुतेक डेटाबेसांच्या मुळाशी आहे. हिच्या प्रत्येक गाठीत शेकडो मूल्ये क्रमाने मावतात, त्यामुळे कोट्यवधी ओळींच्या तक्त्यातही तीन-चार पायऱ्यांत हवे ते मूल्य गाठता येते. पल्ल्यासाठी तर ही रचना विशेष सोयीची आहे, कारण खालचे टोक एकदा सापडले, की सर्वांत खालच्या थरातील साखळीने जोडलेल्या गाठी वरचे टोक येईपर्यंत ओळीने वाचत जाणे एवढेच काम उरते.

ही सोय हातची घालवणेही सोपे आहे. ‘वर्ष(दिनांक) = २०१८’ अशी अट लिहिली, की सूची दिनांकांची असते आणि विचारणा दिनांकावरून काढलेल्या वर्षाची होते, म्हणून सामान्यतः ती सूची उपयोगी पडत नाही; १ जानेवारी २०१८ किंवा त्यानंतर आणि १ जानेवारी २०१९ च्या आधी असे लिहिले तर उत्तर तेच मिळते आणि सूचीही कामी येते. महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपत असल्यामुळे महसूल खात्याच्या हिशेबात तर वर्ष काढणारे सूत्र तसेही चुकीचे उत्तर देईल. सूची दोन रकान्यांची असेल तर त्यांचा क्रम महत्त्वाचा असतो : शेळगाव मंडळाच्या ऑगस्टमधील नोंदी हव्या असतील, तर आधी मंडळ व मग दिनांक अशा सूचीत त्या सलग सापडतात, पण आधी दिनांक व मग मंडळ असा क्रम असेल तर ऑगस्टमधील सर्व मंडळांच्या नोंदी चाळून शेळगावच्या वेचाव्या लागतात.

आणि सूची असूनही डेटाबेस काही वेळा ती बाजूला ठेवतो, यात बिघाड काही नसतो. तक्त्यात कोणती मूल्ये साधारण किती आहेत याचा ढोबळ अंदाज प्रणालीने आधीच बांधून ठेवलेला असतो, पाऊस ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर असलेल्या नोंदी मागितल्या तर त्या मोजक्याच असणार हे त्यावरून ओळखून ती सूचीचा मार्ग धरते, आणि ० ते ६४.४ असा पल्ला दिला तर जवळपास सगळा तक्ताच त्यात येत असल्यामुळे सूची आणि तक्ता यांच्यात येरझाऱ्या घालण्यापेक्षा तक्ता पहिल्या ओळीपासून सरळ वाचून काढते.